लहान बदल आणि चालवण्याच्या सवयी: गाडीचे ॲव्हरेज नक्की कशाने वाढते?

निवांत_प्रवासी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची, सात वर्षे वापरलेली लहान गाडी आहे. तिचे वजन सुमारे १००० किलो आहे. पहिली सहा वर्षे टाकी ते टाकी मोजल्यावर तिने लिटरला १६ ते १७ किलोमीटर दिले. गेल्या वर्षभरात मात्र हा आकडा घसरत १३ वर आला आहे.

या काळात तीन गोष्टी बदलल्या. मूळचे १६५/८० आर१४ टायर झिजल्यावर मी १९५/६५ आर१५ बसवले, कारण ते भरदार दिसत होते आणि वळणावर पकड चांगली राहील असे वाटले. छतावर सामानाचा कॅरिअर बसवला. तो एका प्रवासापुरता होता, पण काढायचे राहून गेले. शिवाय कामाची जागा बदलल्यामुळे पूर्वी एका वेळी २२ किलोमीटर असलेले अंतर आता ६ किलोमीटर झाले आहे. इंजिन ऑइल, प्लग आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले जातात, त्यामुळे देखभालीत कसूर झाली आहे असे मला वाटत नाही.

एका गॅरेजमध्ये मला जास्त हवा आत घेणारा एअर फिल्टर आणि ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाला तपासणी यंत्र जोडण्याच्या जागेत) लावायचे 'इंधन वाचवणारे' उपकरण सुचवण्यात आले. एका सहकाऱ्याने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा सल्ला दिला. यांपैकी कशाचा खरोखर उपयोग होतो, आणि सुरुवात कुठून करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

आकडेमोड

तुम्ही तिन्ही बदल नोंदवलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तराचा मोठा भाग त्यांतच आहे असे मला वाटते. तरीही काही विकत घेण्याआधी मोजमाप सुधारून घ्या.

ओडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. १६५/८० आर१४ टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो आणि १९५/६५ आर१५ चा सुमारे ६३४ मिलिमीटर. म्हणजे नवे चाक प्रत्येक फेरीत जवळजवळ २.४ टक्के जास्त अंतर कापते आणि ओडोमीटर मात्र जुन्याच हिशेबाने आकडा पुढे सरकवत राहतो. तुमचे १३ हे प्रत्यक्षात १३.३ आहेत. फरक लहान आहे, पण पुढे आपण ज्या सुधारणांची चर्चा करणार आहोत त्यांतल्या बऱ्याचशा याच आकाराच्या आहेत, त्यामुळे तो आधीच वजा केलेला बरा.

दुसरी सूचना अशी की, हिशेब 'लिटरला किती किलोमीटर' असा न ठेवता '१०० किलोमीटरला किती लिटर' असा ठेवा. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की इंधनामागे अंतर मोजण्याची पद्धत माणसाचा अंदाज चुकवते. लिटरला १० वरून १२ किलोमीटरवर जाणे आणि २० वरून २२ वर जाणे ही दोन्ही सुधारणा '२ किलोमीटरची' वाटते. प्रत्यक्षात १०० किलोमीटरमागे पहिलीत १.६७ लिटर वाचतात आणि दुसरीत केवळ ०.४५. तुमच्या बाबतीत १६.५ म्हणजे ६.०६ लिटर, आणि १३.३ म्हणजे ७.५२ लिटर. आपल्याला शोध घ्यायचा आहे तो या जवळजवळ दीड लिटरचा.

माझ्या मते यातला सर्वांत मोठा वाटा तुम्ही जाता जाता सांगितलेल्या तिसऱ्या बदलाचा, म्हणजे ६ किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे. थंड इंजिनात पेट्रोलचे बाष्प नीट होत नाही म्हणून इंजिन सांभाळणारा संगणक हवा-पेट्रोलच्या मिश्रणात जास्त पेट्रोल सोडतो, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन काही वेळ वाढीव वेगाने फिरवतो, आणि ऑइल घट्ट असल्यामुळे आतले घर्षणही जास्त असते. तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे केवळ शीतद्रव तापला. ऑइल आणि गिअरबॉक्स तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, हवेचे तापमान २५ अंशांऐवजी उणे ७ अंशांच्या आसपास असेल तर पेट्रोल गाडीचे शहरातले ॲव्हरेज सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि फेरी पाच-सहा किलोमीटरचीच असेल तर ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. उबदार हवेत हे नुकसान कमी होईल, पण कारण तेच राहील. पूर्वी तुमच्या २२ किलोमीटरपैकी पहिले पाच-सहा 'थंड' असत, आता सगळेच तसे आहेत.

यावर उपाय म्हणून गाडी जागेवर चालू ठेवून तापवू नका, कारण त्या वेळात शून्य किलोमीटरला पेट्रोल जळते आणि इंजिन तापतेही सावकाश. सुरू केल्यावर अर्ध्या-एक मिनिटात निघा आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा. दिवसभरातली वेगवेगळी कामे एकाच फेरीत जोडता आली तर दुसरे आणि तिसरे काम तापलेल्या इंजिनावर होते.

मोजताना शक्यतो एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबून टाकी भरा. निष्कर्ष मात्र किमान तीन टाक्यांच्या एकत्रित बेरजेवरून काढा. एका टाकीच्या आकड्यात भरण्यातल्या फरकानेच बराच गोंधळ होतो.

पाना_पक्कड

आकडेमोड यांच्याशी मी सहमत आहे, पण गाड्या दुरुस्त करण्याच्या माझ्या वीस वर्षांच्या अनुभवावरून एक भर घालतो. ॲव्हरेज हळूहळू घसरले असेल तर सुधारणा करण्याआधी बिघाड शोधावा. चांगल्या अवस्थेतल्या गाडीला काही जोडून मिळणारा फायदा बहुधा एक-दोन टक्क्यांचा असतो, तर एक नादुरुस्त भाग त्याच्या कितीतरी पट इंधन वाया घालवतो.

सर्वप्रथम थर्मोस्टॅट तपासा. हा झडपेसारखा भाग शीतद्रव साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारा मार्ग बंद ठेवतो. तो उघड्या स्थितीत अडकला की इंजिन अतितापत नाही, दिवा लागेलच असे नाही, चालकाला काहीही जाणवत नाही. केवळ इंजिन कधी पुरेसे तापत नाही आणि संगणक जास्त पेट्रोल देत राहतो. तुमच्यासारख्या लहान फेऱ्यांमध्ये हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. साध्या ओबीडी स्कॅनरवर शीतद्रवाचे प्रत्यक्ष तापमान दिसते. मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटे चालवूनही ते ७५ च्या खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट बदलावा.

त्याच स्कॅनरवर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' पाहा, म्हणजे संगणक ठरलेल्या पेट्रोलमध्ये सतत किती टक्के वाढ-घट करतो आहे तो आकडा. हा आकडा शून्याच्या आसपास हवा. तो सतत १० टक्क्यांच्या पलीकडे, वर किंवा खाली राहत असेल तर हवेची गळती, इंधनाचा दाब किंवा ऑक्सिजन सेन्सर यांपैकी कुठेतरी गडबड आहे. बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर बदलल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते असे अमेरिकेचा ऊर्जा विभागही सांगतो. इतका फरक क्वचितच पडतो, पण या भागाचे महत्त्व त्यावरून लक्षात यावे.

त्यानंतर ब्रेक पाहा. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम झाल्या की पॅड डिस्कला घासत राहतात. ब्रेक फारसा न वापरता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिमजवळ, स्पर्श न करता, हात धरून पाहा. एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथे दोष आहे. मोठे टायर बसवताना अलाइनमेंट केले नसेल तर तेही करून घ्या. पुढची दोन चाके थोडीशी आत किंवा बाहेर वळलेली असली तर टायर अखंड फरफटत राहतात, आणि त्याचा पुरावा टायरच्या कडेवर करवतीसारख्या झिजेतून दिसतो.

टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी. चारही टायरांत सरासरी १ पीएसआय हवा कमी असली तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटते. ८ पीएसआय कमी असल्यास दीड टक्क्याहून थोडे अधिक. हा आकडा लोकांना वाटतो त्यापेक्षा लहान आहे, पण हवा कमी असलेला टायर जास्त तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो, म्हणून इंधनाचा विचार बाजूला ठेवला तरी ती योग्य हवी. बाहेरचे तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो, त्यामुळे ऋतू बदलताना तपासणी चुकवू नये. ॲव्हरेजसाठी कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त हवा भरण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही. त्याने टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते.

आता सुचवलेल्या वस्तूंबद्दल. जास्त हवा आत घेणारा फिल्टर घेऊ नका. इंजेक्शनच्या इंजिनात संगणक आत येणारी हवा मोजून त्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो, आणि नेहमीच्या चालवण्यात हवेची वाट फिल्टर नव्हे तर थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) अडवत असतो. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत इंजेक्शनच्या गाड्यांचा फिल्टर मुद्दाम तुंबवूनही इंधनखर्चात अर्थपूर्ण फरक पडला नाही; कमी झाला तो पिकअप. जिथे तुंबलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेज घटत नाही, तिथे जास्त मोकळ्या फिल्टरने ते वाढणार कसे? उलट तेल लावलेल्या फिल्टरमधून जास्त धूळ आत जाऊ शकते आणि हवा मोजणारा सेन्सर त्या तेलाने खराब होऊ शकतो. मूळ प्रतीचा फिल्टर वेळेवर बदलणे पुरेसे आहे. तुंबलेला फिल्टर ॲव्हरेज खातो, हा समज कार्ब्युरेटरच्या गाड्यांपुरता खरा होता आणि तिथूनच तो चालत आला आहे.

सॉकेटमध्ये लावायच्या उपकरणांपैकी एक मी स्वतः उघडून पाहिले आहे. त्यात लुकलुकणारे दिवे, त्यांना चालवणारी चिप आणि एक बटण होते. गाडीच्या संगणकाशी बोलणाऱ्या पिनांना काहीही जोडलेले नव्हते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभरहून अधिक इंधनबचतीच्या उपकरणांचे मूल्यमापन केले असून ॲव्हरेज लक्षणीयरीत्या वाढवणारे एकही आढळलेले नाही. इंधनाच्या नळीवरचे चुंबकही याच जातीचे. पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या संचाला लागणारी वीज अल्टरनेटरकडून येते, अल्टरनेटर इंजिनावर फिरतो आणि प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा गळते, त्यामुळे त्या हायड्रोजनमधून परत मिळते ते खर्चापेक्षा नेहमीच कमी असते.

ऑइल मात्र कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचे वापरा. पुस्तिकेत पातळ दर्जा लिहिलेला असताना 'जुन्या इंजिनाला घट्ट ऑइल बरे' म्हणून जाड ऑइल भरले तर एक ते दोन टक्के इंधन त्यातच जाते.

चौथा_गिअर

यंत्राची बाजू वर सविस्तर आली आहे, म्हणून मी फक्त चालवण्याबद्दल लिहितो.

१००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात असते तेव्हा तिच्या गतीत सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये अंदाजे ३२ मेगाज्यूल असतात, परंतु शहरात त्यांतला सुमारे पाचवा भागच चाकांपर्यंत पोहोचतो असे धरू. या हिशेबाने थांबलेली गाडी ६० पर्यंत नेण्यासाठी २० मिलिलिटरहून थोडे जास्त पेट्रोल लागते. तुम्ही जोराने ब्रेक लावून थांबता तेव्हा हे सगळे पेट्रोल डिस्क तापवण्यात संपते. असे पंचेचाळीस-पन्नास वेळा केले की एक लिटर गेला. वेग ८० असेल तर हाच खर्च जवळजवळ पावणेदोन पट होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

म्हणून माझ्या दृष्टीने ॲव्हरेज ॲक्सिलरेटरपेक्षा नजरेवर अधिक अवलंबून आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे न पाहता तिच्याही पुढच्या तीन-चार गाड्यांकडे आणि दूरच्या सिग्नलकडे पाहावे, समोर लाल दिसताच पाय उचलावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून हळूहळू जवळ जावे. पुष्कळदा आपण पोहोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि २० च्या वेगावरून पुढे जाणे शून्यावरून निघण्यापेक्षा फार स्वस्त पडते. पुढच्या गाडीपासून मोकळे अंतर ठेवले तरच हे जमते. काही जण मोठ्या ट्रकच्या अगदी मागे राहून वाऱ्याचा अडथळा टाळतात, तो प्रकार जिवावर बेतणारा आहे; तो करू नये.

वेग घेताना अतिशय सावकाश घ्यावा, हा गैरसमज आहे. पेट्रोल इंजिनाला अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढताना श्रम पडतात, त्यामुळे ते कमी फेऱ्यांवर पण बऱ्यापैकी भाराखाली सर्वांत काटकसरीने चालते. पाय अर्ध्यापर्यंत दाबून २००० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान वरचा गिअर टाकावा आणि हव्या त्या वेगाला पोहोचताच शक्य तितक्या वरच्या गिअरमध्ये स्थिर राहावे. मात्र इंजिन थरथरू लागले किंवा चढावर गाडी ओढेनाशी झाली तर तत्काळ खालचा गिअर टाका.

मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. तुमचा रिकामा कॅरिअर याच वाऱ्यात अखंड उभा आहे, तो आजच काढा. सामानाच्या मोठ्या छतपेटीमुळे शहरात २ ते ८ टक्के आणि महामार्गावर ६ ते १७ टक्के ॲव्हरेज घटल्याचे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे आकडे सांगतात. रिकाम्या कॅरिअरचे नुकसान त्याहून कमी असले तरी ते रोजचे आहे. डिकीतले अनावश्यक सामान काढायलाही हरकत नाही, पण ४५ किलोमागे फरक केवळ एक टक्क्याच्या आसपास पडतो, म्हणून स्टेपनी किंवा जॅक मात्र घरी ठेवू नका.

जुने_चाक

मी तीस वर्षे उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडत आलो आहे आणि मला त्याचा फायदा दिसला आहे. गिअरमध्ये ठेवली तर इंजिन गाडीला मागे ओढते, न्यूट्रलमध्ये ती दूरवर जाते. हे चूक कसे म्हणता येईल?

चौथा_गिअर

जुने_चाक, आपले निरीक्षण चूक नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाय उचलल्यावरही इंजिन पेट्रोल ओढतच असे, त्यामुळे तिथे आपला हिशेब बरोबर होता. इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअर टाकलेला असताना पाय पूर्ण उचलला की संगणक इंजेक्टर बंदच करतो. फेऱ्या आयडलच्या (गाडी थांबलेली असताना इंजिन चालू राहते त्या वेगाच्या) जवळ येईपर्यंत पेट्रोल शून्य लागते, कारण इंजिनाला चाके फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर जिवंत ठेवावे लागते आणि लहान इंजिनही आयडलवर तासाला अर्धा ते एक लिटर घेते.

अगदी सौम्य, लांब उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त दूर घरंगळते आणि कागदावर तिथे थोडा फायदा दाखवता येतो, हे मी मान्य करतो. पण तीव्र उतारावर इंजिनाचा रोध नाहीसा झाल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होऊ शकतात, आणि अचानक वेग घ्यावा लागला तर आधी गिअर शोधावा लागतो. इंजिन बंद करून घरंगळणे तर पूर्णपणे टाळावे. ब्रेकची मदत दोन-तीन दाबांतच संपते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढली गेली तर ते कुलूपबंदही होते.

थांबलेल्या गाडीत इंजिन बंद करण्याबद्दल मात्र दुमत नाही. आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मोजमापानुसार दहा सेकंदांहून जास्त आयडलिंगला पुन्हा सुरू करण्यापेक्षा अधिक इंधन लागते. ज्या गाडीत स्टार्ट-स्टॉपची सोय नाही तिच्या स्टार्टरचा विचार करून मी अर्ध्या मिनिटाहून मोठा थांबा असेल तरच बंद करतो.

निवांत_प्रवासी

अडीच महिन्यांनी परत लिहीत आहे, कारण आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे तीन टाक्या मोजल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पाना_पक्कड यांचा अंदाज खरा ठरला. स्कॅनरवर ६ किलोमीटरच्या शेवटी शीतद्रव ६८ अंशांवर होता, आणि मोकळ्या रस्त्यावर तर तो वर चढण्याऐवजी ६६ पर्यंत उतरला. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला होता. तो बदलल्यानंतर तापमान ८८ ते ९२ च्या दरम्यान राहते. वर्षभर गाडीच्या काट्याने मला यातले काहीच कळू दिले नव्हते. कॅरिअर काढला, अलाइनमेंट केले आणि हवा सहा पीएसआयने कमी होती ती भरली. ब्रेक ठीक निघाले. फिल्टर आणि उपकरण अर्थातच घेतले नाही.

ओडोमीटरची दुरुस्ती करून तीन टाक्यांचा एकत्रित आकडा १५.१, म्हणजे १०० किलोमीटरला ६.६ लिटर आला. एका लांबच्या प्रवासात ८० ते ९० चा स्थिर वेग ठेवला तेव्हा १८.४ मिळाले, जे या गाडीने माझ्याकडे पूर्वी कधी दिले नव्हते. कामावरून परतताना पुढच्या सिग्नलवर नजर ठेवण्याची सवय लागली असून ब्रेक पूर्वीच्या निम्माही वापरावा लागत नाही. वेळेत मात्र एक मिनिटाचाही फरक पडलेला नाही. पूर्वीच्या पातळीपेक्षा अजून अर्धा लिटर जास्त जातो. त्यासाठी टायर आत्ताच बदलावेत का?

आकडेमोड

आकडे वाचून मनापासून आनंद झाला. उरलेला अर्धा लिटर बहुतांशी लहान फेऱ्यांचा आहे आणि काही भाग रुंद टायरांचा. चांगले टायर केवळ इंधनासाठी काढून टाकणे मला पटत नाही. ते झिजतील तेव्हा मूळच्या मापावर परत या.

त्या वेळी टायरवर युरोपीय पद्धतीचे लेबल मिळाले तर रोलिंग रेझिस्टन्सची, म्हणजे टायर फिरताना होणाऱ्या अडथळ्याची, श्रेणी पाहा. १ मे २०२१ पासून ती ए ते ई अशी लिहिली जाते आणि ए सर्वांत कमी इंधन घेणारी. त्याच लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी असते. इंधनातली एक पायरी मिळवण्यासाठी पकडीतली पायरी सोडू नका. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो, त्यामुळे टायर बदलल्याबरोबर ॲव्हरेज थोडे उतरलेले दिसेल. घाबरून न जाता पुन्हा तीन टाक्या मोजा, आणि माप मूळचे झाल्यामुळे तेव्हापासून २.४ टक्क्यांची दुरुस्ती करणे बंद करा.